टीबीची गोळी आणि घरातला एकच फोन

कुणी भाकरी थापता थापता, कुणी जीन्सचे धागे कापता कापता, कुणी भाजीची पाटी रिकामी करून आत्ताच टेकलेली असेल. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथल्या बचत गटांतल्या आम्ही काही जणी आज टीबीच्या गोळ्यांबद्दल बोलणार आहोत. टीबी कसा होतो, बेडका कुठे तपासायचा, हे आता बहुतेकींना माहीत आहे. आजचा विषय त्याच्या पुढचा आहे. गोळ्या सुरू झाल्या, पण त्या रोज पोटात जातात का? हे बघायला आता नवी साधनं आली आहेत. मिस कॉल देण्याचं पाकीट आहे, उघडला की नोंद करणारा डबा आहे, फोनवर येणारे मेसेज आहेत. ती आपल्या घरांत कशी चालतात आणि कुठे अडतात, ते सांगतो.

आधी एक घडलेली गोष्ट. अंबरनाथ पूर्वेच्या एका चाळीतली आमची एक वहिनी. नाव आणि खाणाखुणा सांगणार नाही. तिला टीबी निघाला. सरकारी गोळ्या मिळाल्या, त्यांच्यावर एक जाड कागदाचं पाकीट होतं. सांगितलं होतं की गोळी घेतली की पाकिटातल्या नंबरवर मिस कॉल द्यायचा. घरात फोन एकच, तो नवऱ्याचा. नवरा एमआयडीसीत रात्रपाळीला. तो संध्याकाळी सातला फोन घेऊन निघायचा आणि वहिनी जेवण करून आठला गोळ्या घ्यायची. गोळ्या रोज घेतल्या, मिस कॉल एकही गेला नाही. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी एक जण दारात उभा राहून मोठ्याने म्हणाला, "गोळ्या का घेत नाही तुम्ही? सरकार फुकट देतं त्याची किंमत नाही का?" वहिनीने आतून रिकामी पाकिटं आणून दाखवली. एक गोळी शिल्लक नव्हती. पण तोवर चाळीला कळायचं ते कळलं होतं. आतापर्यंत फक्त नवऱ्याला आणि सासूला माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून नळावर तिची बादली लांब ठेवायला लागले.

त्या माणसाला दोष देऊन आम्हाला काही मिळवायचं नाही. त्याच्या समोरच्या यादीत वहिनीच्या नावापुढे अकरा दिवस लाल दिसत होते आणि त्याने लाल म्हणजे लाल असं धरलं. लाल का आहे, एवढं त्याने हळू आवाजात विचारलं असतं तर चाललं असतं.

हे पाकीट आलं कुठून, ते थोडं सांगतो. कारण पूर्वीची पद्धत माहीत असेल तर याची गरज का पडली ते कळतं. आपल्याकडे १९९७ पासून डॉट्स सुरू झालं. गोळी घरी द्यायची नाही, केंद्रावर यायचं आणि कुणाच्या तरी समोर गिळायची. आठवड्यातून तीनदा. आपल्यातल्या म्हाताऱ्या बायांना आठवत असेल. बदलापूरच्या पुढच्या पाड्यावरून टमटम धरून केंद्रावर यायचं, रांगेत उभं राहायचं, गोळ्या गिळून परत जायचं. तीन दिवसांची अर्धी अर्धी मजुरी गेली. शिलाईच्या कारखान्यात काम करणाऱ्या पोरीला तर मालक विचारायचा, सारखी सारखी कुठे जातेस? मग २०१७ मध्ये पद्धत बदलली. रोज गोळ्या सुरू झाल्या, आणि ज्या पाच राज्यांत त्या सगळ्यात आधी सुरू झाल्या त्यांत आपला महाराष्ट्र होता. चार औषधं एकाच गोळीत, वजनाप्रमाणे गोळ्यांची संख्या. साध्या टीबीला पहिले दोन महिने चार औषधांची गोळी आणि पुढचे चार महिने तीन औषधांची. म्हणजे निदान सहा महिने, रोज. आता रोज कोण कुणासमोर गिळणार? रोज केंद्रावर यायचं म्हटलं तर रोजगारच बुडाला. म्हणून गोळ्या घरी आल्या आणि लक्ष ठेवायचं काम फोनकडे गेलं.

मिस कॉलच्या या युक्तीला ९९डॉट्स म्हणतात. बंगळूरमधल्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रात बिल थीस नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सोबत्यांनी ती काढली. आपल्या देशात पहिल्यांदा ती एआरटी केंद्रांवरच्या, म्हणजे टीबी आणि एचआयव्ही दोन्ही असलेल्या रुग्णांसाठी वापरली. मग साध्या टीबीच्या रुग्णांसाठीही आली. युक्ती साधीच आहे. पाकिटाचा कागद असा बसवलेला असतो की गोळी दाबून बाहेर काढली की कागद फाटतो आणि मागे छापलेला नंबर दिसतो. आज कुठला नंबर निघेल ते रुग्णाला आधी माहीत नसतं, पण मशीनला माहीत असतं. नोंदवलेल्या फोनवरून त्या नंबरवर फोन लावायचा. पैसे पडत नाहीत. मशीन समजतं की या रुग्णाने आज पाकीट फोडलं. मग निक्षय नावाच्या सरकारी यादीत त्या दिवसाचा चौकोन हिरवा होतो. फोन गेला नाही तर आठवणीचा मेसेज येतो, आणि तरी नाही गेला तर आरोग्य कर्मचाऱ्याला कळतं. साधा, बटणांचा फोनही चालतो. हे आम्हाला फार आवडलं होतं. खोटं कशाला बोला.

आता दुसरी गोष्ट, पहिलीच्या अगदी उलटी. आणि यात चूक आमची आहे.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये आमच्या गटातली एक ताई. घरी बसून जीन्सचे धागे कापते. तिला गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या आठवड्यात मळमळ, दुसऱ्या आठवड्यात उलट्या. त्यात लघवी केशरी झाली, म्हणून घाबरली. तिला वाटलं रक्त जातंय. खरं तर त्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन नावाच्या औषधाने लघवीला तसा रंग येतोच, घाबरायचं कारण नाही. पण तिला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असलं तरी पहिल्या दिवशीच्या गडबडीत तिच्या डोक्यात राहिलं नसेल. तिने गोळ्या घेणं सोडलं. फोन मात्र सारखा आठवण करायचा. तेव्हा तिची बारा वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी गोळ्या दाबून काढायची, नंबरवर मिस कॉल द्यायची आणि गोळ्या डब्यात टाकून ठेवायची. आईला कुणी ओरडू नये म्हणून. पोरीचं काय चुकलं? आम्ही गटाच्या बैठकीत ताईला विचारायचो, "गोळ्या चालू आहेत ना?" ती मान हलवायची. आरोग्य कर्मचारी बाईही सांगायची, "तुमच्या ताईचं कॅलेंडर एकदम हिरवंगार." आम्हाला बरं वाटायचं. तिच्या घरी जाऊन बसायला आम्हाला दीड महिना वेळ झाला नाही.

दोन महिन्यांनी बेडका तपासला, त्यात जंतू तसेच. मग सगळं बाहेर आलं. पत्र्याचा बिस्किटांचा डबा गोळ्यांनी अर्धा भरला होता. ताई रडत होती, पोरगी तिच्यापेक्षा जास्त रडत होती. जंतूंना औषध लागू पडतं की नाही, हे बघायला बेडका पुन्हा दिला. सीबीनॅट नावाच्या मशीनवर हे काही तासांत कळतं, पण रिपोर्ट हातात येईपर्यंतचे ते दिवस आम्हाला विसरता येत नाहीत. अर्धवट गोळ्यांनी टीबी हट्टी होतो. साधी औषधं लागू पडत नाहीत, दुसरी जास्त कडक औषधं जास्त दिवस घ्यावी लागतात. त्या घरात ती पोरगी आईच्या शेजारी झोपत होती. रिपोर्ट चांगला आला. साधंच औषध लागू होतं. डॉक्टरांनी गोळ्यांची वेळ बदलून दिली, उलटीवर गोळी दिली आणि दिवस पहिल्यापासून मोजायला घेतले. ताई आज बरी आहे. पण ते दोन महिने वाया गेले, आणि सगळे दिवस हिरवे होते.

म्हणून आम्ही आता असं म्हणतो की मशीनला पाकीट फुटलेलं कळतं. गोळी गिळलेली कळत नाही. हा आमच्या दोन बायांपुरता अनुभव नाही. चेन्नई, वेल्लोर आणि मुंबई इथे संशोधकांनी ९९डॉट्सवर असलेल्या रुग्णांच्या घरी न सांगता जाऊन लघवी तपासली. टीबीच्या एका औषधाचा अंश लघवीत सापडतो, त्यावरून गोळी घेतली की नाही ते कळतं. २०२० मध्ये हे छापून आलं. दोन्ही प्रकारची माणसं सापडली. फोन न करता गोळी घेणारी आमच्या वहिनीसारखी, आणि फोन करून गोळी न घेणारी आमच्या ताईसारखी. फोनच्या नोंदीवर डोळे मिटून विसंबता येत नाही, हे त्यातून दिसलं.

दुसरं साधन म्हणजे डबा. याला मेर्म म्हणतात. गोळ्यांची पाकिटं मावतील एवढा डबा, आत एक छोटं यंत्र. ठरल्या वेळी दिवा लागतो, आवाज होतो. डबा उघडला की वेळेसकट नोंद होते. हट्टी टीबीच्या रुग्णांसाठी याचा वापर जास्त झाला, कारण त्यांच्या गोळ्या वेगवेगळ्या आणि पुष्कळ असतात. याचा फायदा असा की घरात फोन कुणाकडे आहे हा प्रश्नच येत नाही. नंबर लावायला नको, अक्षरओळख नको. म्हाताऱ्या माणसांना बरा पडतो. पण आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत वाजणारा डबा लपवायचा कुठे? पाहुणे आले असताना वाजला तर काय सांगायचं? एका नव्या सुनेने आम्हाला विचारलं होतं. तिने डबा साड्यांच्या गठ्ठ्यात गुंडाळून ठेवला होता, म्हणजे आवाज बाहेर येऊ नये. मग तिला स्वतःलाच ऐकू येईना. वाजायची वेळ रुग्णाच्या सोयीने ठरवता येते, हे तिला माहीत नव्हतं. सगळे कामावर गेल्यावरची सकाळी अकराची वेळ मागून घेतली, प्रश्न मिटला. म्हणून डबा मिळाला तर वेळ कुठली ठेवायची ते आपण सांगायचं. देणारा विचारेल म्हणून थांबायचं नाही.

तिसरा प्रकार व्हिडिओचा. गोळी गिळतानाचा व्हिडिओ फोनवर काढून पाठवायचा. लंडनमध्ये याचा चांगला उपयोग झाला. आपल्याकडे मोठा फोन, नेट आणि एकांत तिन्ही लागतात, आणि यातलं एकांत कुठून आणायचं ते आम्हाला कुणी सांगावं.

मग ही साधनं निरुपयोगी आहेत का? तसं नाही. आणि ती बंद करा असंही आम्ही म्हणत नाही. चीनमध्ये एक मोठा प्रयोग झाला, २०१५ मध्ये त्याचा निकाल आला. काही रुग्णांना नुसते आठवणीचे मेसेज पाठवले. काहींना आठवण करणारा डबा दिला, आणि महिन्याच्या महिन्याला डॉक्टर त्या डब्यातली नोंद रुग्णासोबत बघायचे. डोस जास्त चुकले असतील तर लक्ष वाढवायचे. नुसत्या मेसेजांनी फरक पडला नाही. डबावाल्यांचं डोस चुकणं जवळपास निम्म्यावर आलं. केनियात, नैरोबीला, साध्या फोनवरच एक पद्धत केली. रुग्णाने रोज कळवायचं की गोळी घेतली. नाही कळवलं तर पुन्हा आठवण, आणि तरीही नाही तर नेमलेलं माणूस स्वतः संपर्क करायचं, विचारपूस करायचं. २०१९ मध्ये आकडे आले. नेहमीच्या पद्धतीत शंभरातल्या तेरा जणांचा उपचार फसला होता. या पद्धतीत शंभरातल्या चार जणांचा. बायांनो, दोन्हीकडे बघा. जिथे चुकलेल्या डोसामागे कुणीतरी विचारपूस करायला गेलं, तिथे उपयोग झाला.

आता आपल्या तिन्ही गावांचं वेगळं काय, ते बघू. एक म्हणजे फोन. आपल्या गटांत एका बैठकीत आम्ही हात वर करायला सांगितले. स्वतःचा, फक्त स्वतःचा फोन किती जणींकडे? निम्म्याहून कमी हात वर आले. ज्यांचे आले त्यांतल्याही काही म्हणाल्या, रिचार्ज मुलगा मारतो, तो विसरला की बंद. बाईच्या आजाराची नोंद नवऱ्याच्या, दिराच्या नाहीतर मुलाच्या नंबरवर असते. मेसेज त्यांना जातो. बाईला वाचता येत नसेल तर मेसेज आला काय आणि न आला काय. आणि सासरी न सांगता औषध घेणारीच्या फोनवर टीबीचा मेसेज येणं म्हणजे तिच्या पायाखालची जमीन सरकणं. म्हणून नोंदणीच्या वेळी आपल्यातली कुणी सोबत असेल तर तीन गोष्टी विचारून घ्या. हा फोन कुणाचा, तो गोळीच्या वेळी घरात असतो का, आणि दुसरा एखादा नंबर जोडता येईल का. अंबरनाथच्या वहिनीच्या बाबतीत पुढे तेच केलं. शेजारच्या काकूंचा नंबर जोडला. काकू रोज आठला हाक मारायच्या, "येतेस का गं मिरच्या घ्यायला?" म्हणजे गोळी घे आणि फोन लाव. चाळीला वाटायचं वहिनीच्या घरी मिरच्या फार लागतात.

दुसरं म्हणजे स्थलांतर. बदलापूरच्या आसपासच्या वाड्यापाड्यांवरची कातकरी आणि ठाकर कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. भिवंडी, कल्याण, कुणी त्याही पलीकडे. निघताना भांडीकुंडी घेतात, कोंबड्या घेतात, गोळ्या पंधरा दिवसांच्या असतात त्या घेतात. पंधरा दिवस संपले की पुढे काय? उल्हासनगरच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहारची माणसं आहेत. तीही सणाला गावी जातात. यात निक्षयचा खरा उपयोग आहे, आणि तो फार कमी जणींना ठाऊक आहे. प्रत्येक टीबी रुग्णाला निक्षयचा एक नंबर मिळतो. तो देशभर एकच. निघण्याआधी केंद्रावर सांगितलं की आम्ही अमुक ठिकाणी चाललो, तर रुग्णाची नोंद तिकडच्या केंद्राकडे पाठवता येते आणि गोळ्या तिकडे मिळतात. न सांगता गेलं तरी तो नंबर दाखवून जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारता येतं. नंबर कार्डावर असतो. कार्ड हरवतं, भिजतं, उंदीर खातात. आमच्या एका गटाने पाड्यावरच्या घरांत तो नंबर दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहायला लावला. मग लक्षात आलं की भट्टीवर दार येत नाही. आता तो गटाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर लिहितात. भट्टीवरून कुणाच्याही फोनवरून गटाच्या अध्यक्षबाईंना फोन केला की नंबर मिळतो. कुणाचं नाव त्या पानावर लिहायचं, हे त्या बाईला विचारूनच. नाव नको असेल तर खूण चालते.

तिसरं म्हणजे भुकेचं. सगळ्या आठवणी, मेसेज एकीकडे आणि रिकाम्या पोटी चार गोळ्यांनी होणारी मळमळ एकीकडे. सरकारची निक्षय पोषण योजना २०१८ पासून आहे. आधी महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. सहा महिन्यांचे सहा हजार. ते रुग्णाच्या बँक खात्यात येतात. खातं नसेल, आधार जोडलेलं नसेल, तर अडतात. बचत गटातल्या बायांना बँकेचं काम माहीत असतं. पासबुक, आधार, शाखा, कुठला फॉर्म, हे आपल्याला अंगवळणी पडलंय. म्हणून टीबी झालेल्या बाईचं खातं नीट करून देणं हे आपलं काम समजा. पैसे आले की त्यातून अंडी, डाळ, शेंगदाणे आणलेत का, हेही प्रेमाने बघा. आमच्या अनुभवात ते पैसे पहिल्यांदा पोराच्या फीला जातात. रागवू नका. डाळ आपण न्यावी.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. गोळ्या चुकतात तेव्हा दरवेळी रुग्णच चुकतो असं नाही. २०२४ च्या मार्चच्या सुमारास देशभर टीबीच्या गोळ्यांचा तुटवडा पडला होता. केंद्राने राज्यांना सांगितलं की गोळ्या तुमच्या तुम्ही विकत घ्या. महाराष्ट्रातही रुग्णांना हेलपाटे पडले. अशा वेळी आठवणीचा मेसेज येत राहतो, आणि घरात गोळीच नसते. म्हणून गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी केंद्रावर जायचं, आणि नाही मिळाल्या तर लेखी मागायचं, आशाताईंना सांगायचं, हेल्पलाइनला सांगायचं. गप्प बसून घरी परतायचं नाही.

आता आमच्या गटांत काय चालतं ते सांगतो. फार मोठं काही नाही. ज्या घरात गोळ्या चालू आहेत तिथे आठवड्यातून एकदा आमच्यातली एक जण जाते. बुधवारी, कारण बुधवारी कुणाचा उपास नसतो आणि चहा मिळतो. गेल्यावर पहिला प्रश्न गोळीचा विचारत नाही. जेवलीस का, झोप लागते का, उलटी होते का, हे विचारतो. मग रिकामी पाकिटं बघतो. फोनवरच्या हिरव्या चौकोनापेक्षा आम्हाला डोळ्यांनी बघितलेलं रिकामं पाकीट आणि बाईचं वजन जास्त सांगतं. वजन दर महिन्याला केंद्रावर करून घ्यायचं. वाढत असेल तर बरं. एखादा दिवस चुकला असेल तर दुसऱ्या दिवशी दुप्पट गोळ्या घ्यायच्या नाहीत. त्या दिवसाच्याच घ्यायच्या आणि केंद्रावर सांगायचं. डोळे पिवळे झाले, दिसायला धूसर झालं, उलटी थांबेचना, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे. स्वतःच्या मनाने गोळ्या थांबवायच्या नाहीत, पण सहन करत घरीही बसायचं नाही. आणि बायांसाठी एक खास गोष्ट, जी दवाखान्यात लाजेने विचारली जात नाही. टीबीच्या गोळ्या चालू असताना पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा, म्हणजे माला-एन सारख्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. तेव्हा दुसरं साधन वापरायला हवं. डॉक्टरबाईंना, नर्सबाईंना सरळ विचारा.

सगळ्यात अवघड दिवस कुठला, ते आम्हाला आता पाठ झालंय. दीड-दोन महिन्यांनंतरचा. खोकला गेलेला असतो, भूक लागते, अंगात बळ येतं. बाई म्हणते, मी बरी झाले, आता कशाला? जंतू मात्र सगळे मेलेले नसतात. फोन त्या दिवशीही रोजचाच मेसेज पाठवतो, त्याला हा दिवस वेगळा आहे हे समजत नाही. आपल्याला समजतं. त्या आठवड्यात आम्ही एकाऐवजी दोनदा जातो. एकदा गप्पा मारायला म्हणून, एकदा काहीतरी मागायला म्हणून. साखर, विरजण, काहीही.

आपल्यातली कुणीही उपचाराची साथीदार म्हणून केंद्रावर नाव नोंदवू शकते. घरचंच माणूस लागतं असं नाही, डॉक्टर-नर्स असायला लागत नाही. साध्या टीबीच्या रुग्णाचा उपचार पुरा झाला की साथीदाराला मानधनही आहे, १,००० रुपये. हट्टी टीबीच्या रुग्णासाठी ५,०००. पैशासाठी करा असं म्हणत नाही, पण हक्काचे आहेत तर सोडायचे कशाला. साथीदार झालात की कर्मचाऱ्याला सांगून ठेवा, यादीत आमच्या बाईच्या नावापुढे लाल दिसलं तर आधी आम्हाला फोन करा, दारात जाऊ नका. अंबरनाथला आता असं चालतं. कर्मचारी बाईंचा फोन आला की काकू मिरच्या मागायला जातात. आणि हिरवं दिसलं तरी बुधवारी आम्ही जातोच.

टीबीबद्दल काही विचारायचं असेल, गोळ्या मिळत नसतील, पोषणाचे पैसे आले नसतील, तर निक्षयची हेल्पलाइन फुकट आहे. नंबर लिहून घ्या. १८००-११-६६६६. पुन्हा सांगतो, १८००-११-६६६६. ज्यांच्याजवळ पेन नाही त्यांनी शेजारच्या पोराला हाक मारा. पुढच्या वेळी आपण घरातल्या बाकीच्यांच्या तपासणीबद्दल बोलू, म्हणजे घरात एकाला टीबी निघाला की लहान मुलांचं काय करायचं. कॅम्प पाचची ती मुलगी आता आठवीत आहे. ती म्हणाली आहे की त्या दिवशी ती स्वतः बोलायला येईल. आईने होकार दिला तर आणू तिला.